शेजारणीचा अपराध : 'ट्रायफल्स' आणि हौशी रंगभूमीवरील खुनाचे रहस्य

खुनाचे रहस्य हा हौशी रंगभूमीचा जुना आणि भरवशाचा ऐवज आहे. एकच दिवाणखाना, मोजकी पात्रे, बाहेर पडणे अशक्य करणारे वादळ किंवा हिमवर्षाव आणि शेवटच्या दहा मिनिटांत होणारा उलगडा, एवढ्या भांडवलावर इंग्लंड-अमेरिकेतील असंख्य नगरमंडळांनी आपापले वार्षिक प्रयोग उभे केले. या प्रकाराचा मानदंड म्हणून सामान्यतः अगाथा ख्रिस्तीच्या 'द माउसट्रॅप'कडे बोट दाखवले जाते. २५ नोव्हेंबर १९५२ रोजी लंडनमध्ये सुरू झालेले हे नाटक २०२० च्या महामारीतील खंड वगळता अव्याहत चालू राहिले आहे. प्रयोग संपल्यावर खुनी कोण हे बाहेर कोणाला सांगू नये, अशी विनंती प्रेक्षकांना करण्याचा त्याचा संकेत सर्वपरिचित आहे. रहस्य नाट्यगृहात जन्मावे आणि नाट्यगृहातच राहावे, हा या प्रकाराचा अलिखित करार होय.

परंतु अमेरिकन हौशी रंगभूमीच्या आरंभकाळात या कराराला छेद देणारे एक नाटक लिहिले गेले. ते लिहिणारी, त्यात भूमिका करणारी आणि ज्या घटनेवर ते आधारलेले आहे ती घटना वार्ताहर म्हणून प्रत्यक्ष पाहणारी व्यक्ती एकच होती. सुझन ग्लास्पेल (१८७६–१९४८) हिची 'ट्रायफल्स' ही एकांकिका ८ ऑगस्ट १९१६ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातील प्रॉव्हिन्सटाउन या मासेमारीच्या गावी प्रथम सादर झाली. 'क्षुल्लक गोष्टी' असा शीर्षकाचा ढोबळ अर्थ आहे. विद्यापीठीय अभ्यासक्रमांत हे नाटक स्त्रीवादी वाचनाचा नमुना म्हणून स्थिरावले आहे आणि त्यात गैर काही नाही. तथापि, ते हौशी मंडळींसाठी, हौशी मंडळींनी, एका जुन्या मासळीच्या वखारीत केलेले नाटक होते, ही वस्तुस्थिती या वाचनांत बहुधा तळटीपेपुरती उरते. प्रयोगाची ही परिस्थिती आणि नाटकाचा आशय यांचा संबंध वरवरचा नाही. खून कोणी केला, यापेक्षा शेजारी काय करत होते, हा प्रश्न हे नाटक विचारते. आणि तो प्रश्न शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांपुढे उभा केला की त्याची धार वेगळी लागते.

१९१५ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमधील काही लेखक, पत्रकार व चित्रकार प्रॉव्हिन्सटाउनला मुक्कामी होते. व्यावसायिक ब्रॉडवेच्या साचेबंद नाटकांना विटलेल्या या मंडळींनी प्रथम एका मित्राच्या घरातच दोन छोटी नाटके केली. पुढे मेरी हीटन व्होर्स या लेखिकेच्या मालकीच्या धक्क्यावरील वखार त्यांना मिळाली. फळ्यांच्या भिंती, पाठ नसलेली बाके, जेमतेम दहा-बारा फुटांचा रंगमंच आणि खाली समुद्राचे पाणी, असे ते नाट्यगृह होते. ग्लास्पेलचा पती जॉर्ज क्रॅम कुक हा या उपक्रमाचा प्राण. प्राचीन ग्रीक रंगभूमीप्रमाणे नाटक हे साऱ्या समुदायाचे सामूहिक कृत्य व्हावे, अशी त्याची धारणा होती. (या ओढीनेच तो पुढे ग्रीसमध्ये जाऊन राहिला आणि १९२४ मध्ये डेल्फी येथे वारला.) युजीन ओनीलचे 'बाउंड ईस्ट फॉर कार्डिफ' याच वखारीत १९१६ च्या जुलैअखेरीस झाले.

या 'समुदाया'विषयी मात्र थोडी सावधगिरी हवी. गावातील पोर्तुगीज वंशाच्या कोळी कुटुंबांची ही रंगभूमी नव्हती. ती उन्हाळी पाहुण्यांची होती. कुकच्या ग्रीक स्वप्नातील नगर आणि प्रत्यक्षातील मित्रमंडळ यांतील अंतर इतिहासकारांनी अनेकदा सौम्य केले आहे. तरीही नट आणि प्रेक्षक परस्परांना नावाने, व्यवसायाने आणि स्वभावदोषांसह ओळखतात, ही समूहरंगभूमीची मूलभूत अट तेथे पूर्ण होत होती.

ग्लास्पेल तोवर कथा-कादंबरीकार होती. पुढील प्रयोगासाठी कुकने परस्पर तिच्या नाटकाची घोषणा करून टाकली. नाटक लिहिलेले नाही आणि लिहिता येत नाही, ही तिची हरकत त्याने मनावर घेतली नाही. 'द रोड टु द टेम्पल' या कुकच्या चरित्रात तिने सांगितले आहे की, ती वखारीत जाऊन रिकाम्या रंगमंचापुढे बसून राहिली आणि थोड्या वेळाने त्या जागी तिला एक स्वयंपाकघर दिसू लागले. ही आठवण काहीशी काव्यात्म असली तरी तिच्यात एक तांत्रिक सत्य दडलेले आहे. दहा-बारा फुटांत खुनाची जागा, पोलीसतपास आणि न्यायालय मावत नाही; स्वयंपाकघर मात्र नेमके मावते.

ते स्वयंपाकघर कल्पित नव्हते. २ डिसेंबर १९०० च्या पहाटेपूर्वी आयोवा राज्यातील इंडियानोलाजवळच्या शेतावर जॉन होसॅक या शेतकऱ्यावर झोपेत कुऱ्हाडीचे घाव पडले. त्याची पत्नी मार्गारेट त्याच अंथरुणावर होती. आपण आवाजाने जाग्या झालो, हल्लेखोर पाहिला नाही, असे तिने सांगितले. पतीच्या दफनाच्या दिवशीच तिला अटक झाली. ग्लास्पेल तेव्हा चोवीस वर्षांची होती आणि 'डेस मॉइन डेली न्यूज' या पत्रात वार्ताहर होती. अटकेपासून निकालापर्यंत तिने या प्रकरणावर सातत्याने लिहिले. लिंडा बेन-झ्वी यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनामुळे हे वृत्तलेखन अभ्यासकांसमोर आले आणि नाटकाच्या वाचनाची दिशाच बदलली.

आरंभीच्या वृत्तांत मार्गारेट होसॅक ही थंड, धिप्पाड, भावनाशून्य बाई म्हणून रंगवलेली आहे. म्हणजे लोकमत तिच्याविरुद्ध घडवण्यात या तरुण वार्ताहराचाही हात होता. शेतावरील घर प्रत्यक्ष पाहून आल्यानंतर तिच्या लेखणीचा सूर मवाळ होत गेला, असे बेन-झ्वी दाखवतात. एप्रिल १९०१ मध्ये पुरुष जूरीने मार्गारेटला दोषी ठरवले आणि तिला जन्मठेप झाली. १९०२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला. १९०३ मधील फेरसुनावणीत जूरीचे एकमत झाले नाही आणि ती सुटली. ग्लास्पेलने मात्र पहिल्या निकालानंतर लवकरच पत्रकारिता सोडली होती.

या खटल्यातील एक गोष्ट नाटकाच्या दृष्टीने निर्णायक ठरते. होसॅक दांपत्यातील कलह शेजाऱ्यांना ठाऊक होता. मार्गारेटने आपल्या भीतीची वाच्यता त्यांच्यापाशी केली होती आणि समेटासाठी त्यांना पाचारणही झाले होते. न्यायालयात मात्र ही माहिती तिच्या बाजूने न येता तिच्याविरुद्ध आली. नवऱ्याचा जाच हाच खुनाचा हेतू ठरला. त्यामुळे बचावपक्षाला घरात सारे आलबेल होते असे दाखवणे भाग पडले, आणि सोसलेल्या दुःखाचा उच्चार करणे म्हणजे गुन्ह्याची कबुली देणे, असा विचित्र पेच निर्माण झाला. 'ट्रायफल्स'चा कणा हाच पेच आहे.

नाटकात कुऱ्हाडीच्या जागी दोर आला आहे. नऊ मुलांची आई असलेल्या मार्गारेटच्या जागी अपत्यहीन मिनी राइट आली आहे. तिचा नवरा जॉन अंथरुणात गळा आवळून मारला गेला आहे, आणि प्रेत सर्वप्रथम पाहिले आहे ते शेजारच्या हेल या शेतकऱ्याने. हेल त्या घरी कशासाठी गेला होता, हे ध्यानात घेण्याजोगे आहे : दोन्ही घरांत मिळून टेलिफोनची सामाईक जोडणी घ्यावी म्हणून गळ घालायला. दुसऱ्या दिवशी सरकारी वकील, शेरीफ आणि हेल हे तिघे पुरावा शोधायला येतात. सोबत शेरीफची पत्नी मिसेस पीटर्स आणि हेलची पत्नी असतात. कोठडीतील मिनीला काही कपडे न्यायचे असतात. पुरुष स्वयंपाकघरावर एक नजर टाकून तेथे बायकी भांडीकुंडी सोडून काही नाही असा निर्वाळा देतात आणि माडीवर, खुनाच्या जागी, निघून जातात. प्रेत रंगमंचावर नाही, आरोपीही नाही. उरते ते स्वयंपाकघर आणि दोन बायका.

पुरुष वर पुरावा शोधत असताना तो खाली सापडत जातो. अर्धेच पुसलेले टेबल, झाकायचा राहिलेला पाव, थंडीने फुटलेल्या मुरंब्याच्या बरण्या यांमागून गोधडीचा एक तुकडा हाती येतो. त्याची शिवण सर्वत्र नेटकी आणि एकाच जागी विस्कटलेली आहे. मिसेस हेल ती वाकडी शिवण उसवून नीट घालू लागते. पुरावा नष्ट करण्याची ही पहिली कृती इतकी सहज घडते की प्रेक्षकाला तिचा अर्थ क्षणभराने कळतो. मग बिजागरी तुटलेला पिंजरा आणि शेवटी शिवणाच्या डब्यात रेशमी कापडात गुंडाळलेला, मान मुरगळलेला कॅनरी पक्षी. मिनी एकेकाळी गायची. नवऱ्याने गाणे संपवले आणि मग गाणारा पक्षीही. खुनाचा हेतू, ज्याच्या शोधात पुरुष वर पावले वाजवीत आहेत, तो या दोघींच्या हातात आहे.

येथे 'ट्रायफल्स' रूढ रहस्यनाट्याच्या वाटेवरून वेगळे होते. रूढ प्रकारात सर्व सूत्रे एका गुप्तहेराच्या हाती येतात आणि तो ती सर्वांसमक्ष उलगडतो. उलगडा म्हणजेच न्याय. येथे उलगडा होतो, पण तो जाहीर केला जात नाही. 'माउसट्रॅप'मध्ये गुपित राखण्याची जबाबदारी पडदा पडल्यानंतर प्रेक्षकांवर येते, आणि ती एक खेळकर जबाबदारी असते. 'ट्रायफल्स'मध्ये प्रयोग चालू असतानाच प्रेक्षक गुपिताचा भागीदार होतो. पक्षी असलेला डबा मिसेस हेलच्या कोटाच्या खिशात जातो, तो वकिलाला दिसत नाही, प्रेक्षकाला दिसतो. प्रेक्षागृहातून कोणी ओरडून सांगत नाही, याचा अर्थ सर्वांनी मूक संमती दिलेली असते. (ख्रिस्तीवर अन्याय होऊ नये म्हणून हेही नोंदवले पाहिजे की, १९४५ मध्ये इंग्लंडमधील एका शेतावर पालकगृही ठेवलेल्या डेनिस ओनील या मुलाचा झालेला मृत्यू 'माउसट्रॅप'च्या मुळाशी आहे. तेथेही समाजाच्या दुर्लक्षाची जखम आहे, परंतु कोड्याच्या आकर्षणाखाली ती झाकली जाते.)

तरीही मिनीला न्याय मिळवून देणाऱ्या दोन बंडखोर स्त्रियांची कथा, एवढेच या नाटकाचे वाचन करणे अपुरे आहे. संहितेतील सर्वांत बोचरा स्वर विजयाचा नाही, अपराधाचा आहे. मिसेस हेल मिनीला मुलीपणापासून ओळखत होती. दोन्ही घरांत फारसे अंतर नव्हते. तरी वर्षाहून अधिक काळ ती त्या घरी फिरकली नव्हती, कारण ते घर उदास होते. हा न जाण्याचा अपराध कोण शिक्षेस पात्र ठरवणार, असा प्रश्न ती स्वतःलाच करते. मिसेस पीटर्सची वाट निराळी आहे. ती कायद्याच्या रखवालदाराची पत्नी. परंतु लहानपणी डोळ्यांदेखत मारले गेलेले मांजराचे पिल्लू आणि डाकोटातील ओसाड वस्तीवर दगावलेले पहिले मूल, या दोन आठवणींनी ती मिनीपर्यंत पोहोचते. होसॅक खटल्यात शेरीफची पत्नी आरोपीशेजारी बसत असे आणि तिला गहिवरून येत असे, हे ग्लास्पेलनेच नोंदवले होते.

मिसेस हेलला मात्र वृत्तांतांत असा सरळ आधार सापडत नाही. ८ ऑगस्ट १९१६ च्या प्रयोगात ही भूमिका स्वतः ग्लास्पेलने केली, आणि मिस्टर हेल झाला कुक. लेखिकेने आपल्यासाठी आरोपीची भूमिका लिहिली नाही. वेळेवर न गेलेल्या शेजारणीची लिहिली. पंधरा वर्षांपूर्वी त्या स्वयंपाकघरात शिरून बातमी घेऊन बाहेर पडलेली वार्ताहर या भूमिकेतून पुन्हा आत शिरते, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही. यात तपशिलाने सिद्ध करता येईल असे थोडेच आहे. पण भूमिकांची ही वाटणी केवळ नटांच्या टंचाईमुळे झाली असे मानणे अधिक कठीण आहे.

प्रयोगाचा काळही अर्थपूर्ण होता. ५ जून १९१६ रोजी, म्हणजे प्रयोगापूर्वी दोनच महिने, आयोवातील स्त्रियांच्या मताधिकाराचा प्रस्ताव सार्वमतात पराभूत झाला होता. मॅसॅच्युसेट्समध्ये तर स्त्रियांना जूरीत बसायला १९५० साल उजाडावे लागले. ग्लास्पेलने १९१७ मध्ये याच कथानकाची कथा केली, तेव्हा तिला 'अ ज्युरी ऑफ हर पिअर्स' हे नाव दिले. आरोपीच्या बरोबरीच्या माणसांची जूरी असावी, या जुन्या कायदेतत्त्वाचा त्यात संदर्भ आहे. स्वयंपाकघरातील दोन बायका ही ती जूरी होय. भारतीय वाचकाला जूरीची कल्पना नानावटी खटल्यामुळे (१९५९) परिचित आहे. तेथेही जूरीतील बहुमत आणि न्यायाधीश यांच्यात तीव्र विसंवाद झाला होता, परंतु तो उघड्या न्यायालयात. 'ट्रायफल्स'मधील जूरीला आपला निकाल उच्चारण्याचीही सोय नाही.

नोव्हेंबर १९१६ मध्ये वॉशिंग्टन स्क्वेअर प्लेअर्स या संस्थेने हे नाटक न्यूयॉर्कला केले आणि त्यानंतर ते अमेरिकेतील 'लिटल थिएटर' चळवळीच्या हौशी संस्थांमधून सर्वदूर पसरले. एक अंक, एक स्थळ, पाच पात्रे आणि अमेरिकेत आता स्वामित्वशुल्कही नाही. हौशी मंडळाला याहून काय हवे? पण हा सोपेपणा फसवा आहे. पुरुषपात्रांना विदूषक करण्याचा मोह ही पहिली अडचण. वकील भांड्यांना लाथ मारतो, शेरीफ हसतो. हे ठळक केले की टाळ्या मिळतात आणि नाटक बिघडते. हे तिघे दुष्ट नाहीत, कामसू आहेत. त्यांचे अज्ञान कामसूपणातून आलेले आहे. दुसरी अडचण शांततेची. नाटकातील निर्णायक क्षणी जवळजवळ संवाद नाहीत. आहेत त्या नजरा आणि हातांच्या हालचाली. व्यावसायिक नटीला हे अभिनय म्हणून साधावे लागते. रोज स्वयंपाकघरात वावरणारी हौशी कलावती बरणी पुसते किंवा सुईत दोरा ओवते, तेव्हा तिचे हात आधीच जाणते असतात, आणि समोर बसलेल्या शेजारणी ते ओळखतात. एरवी हौशी प्रयोगाची मर्यादा मानली जाणारी गोष्ट येथे बलस्थान ठरते.

मराठी अभ्यासकाला या ठिकाणी विजय तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' (१९६७) या नाटकाची आठवण होणे स्वाभाविक आहे. तेथेही हौशी नाटकमंडळी आहे, आरोपी स्त्री आहे आणि न्यायालय आहे. प्रयोगापूर्वीचा वेळ घालवण्यासाठी मांडलेला अभिरूप खटला लीला बेणारेच्या खाजगी आयुष्याची शिकार होतो. दोन्ही नाटकांत प्रभावाचा संबंध शोधण्याचे कारण नाही. तुलना रचनेची आहे. बेणारे सतत रंगमंचावर आहे, आणि तिचे दीर्घ स्वगत सहकाऱ्यांच्या कानी पडत नाही. मिनी रंगमंचावर येतच नाही, पण तिचे न उच्चारलेले निवेदन दोघी वाचून काढतात. तेंडुलकरांच्या मंडळींत मिसेस काशीकर आहेत. मिसेस पीटर्सप्रमाणे त्यांचेही स्थान नवऱ्याच्या अधिकाराने ठरलेले आहे. त्या मात्र बेणारेविरुद्ध सर्वांत उत्साहाने उभ्या राहतात. परिचय हा सहानुभूतीचा आधार होतो तसा शिकारीचाही होतो. हौशी मंडळीतील जिव्हाळ्याचे गोडवे गाणाऱ्यांनी ही दोन नाटके एकापाठोपाठ एक वाचावीत.

राहतो प्रश्न भाषांतराचा, आणि तो नाटकाच्या अखेरच्या शब्दापाशी येऊन थांबतो. मिनी ती गोधडी दाट टाके घालून पुरी करणार होती की ठिकठिकाणी दोऱ्याच्या गाठी मारून, असा प्रश्न बायकांना पडतो. तो ऐकून पुरुष हसतात. शेवटी वकील तोच प्रश्न थट्टेने पुन्हा विचारतो, आणि मिसेस हेल खिशावर हात ठेवून गाठीची पद्धत सांगते. इंग्रजीत गाठवाचक शब्दाचा उच्चार नकारार्थी शब्दासारखाच असल्यामुळे त्या उत्तरात नकारही ऐकू येतो. शिवाय दाट टाक्यांची गोधडी तेथे शेजारणींनी जमून शिवण्याची रीत आहे. गाठी एकटीनेही मारता येतात. म्हणजे त्या एका शब्दात गळ्याचा फास, कायद्याला दिलेला नकार आणि मिनीचा एकटेपणा ही तिन्ही आहेत.

मराठीत नकाराचा श्लेष हाती लागत नाही. ओढूनताणून तो आणल्यास शेवटचा क्षण शाब्दिक कोटीवर संपेल. पण 'गाठ' या मराठी शब्दाची स्वतःची व्याप्ती आहे : लग्नगाठ आहे, मनाशी बांधलेली खूणगाठ आहे, आणि 'गाठ माझ्याशी आहे' यातील आव्हानही आहे. घरकामात सुरगाठ आणि निरगाठ हा भेद तर प्रत्येकीला ठाऊक असतो. एक ओढताच सुटते, दुसरी सुटत नाही. गोधडी घालणे हा उद्योगही महाराष्ट्रात बायकांनी दुपारी एकत्र बसून करण्याचा. तेव्हा 'गोधडीला दोरा घालणार होती की गाठी?' हा वकिलाचा प्रश्न आणि 'गाठ. निरगाठ.' एवढेच मिसेस हेलचे उत्तर, असा पर्याय विचारात घेता येईल. त्यात मूळ नकार गळतो. फास आणि न उकलणारे गुपित मात्र राहते. एकटेपणाची छटा आणण्यासाठी आधीच्या प्रवेशात, गोधडी प्रथम हाती येते तेव्हाच, ती घालायला मिनीच्या घरी कोणी येत नसे असा उल्लेख मिसेस हेलच्या तोंडी पेरावा लागेल. तेवढी भर संहितेत घालण्याचे स्वातंत्र्य भाषांतरकाराने घ्यावे की ते काम नटीच्या विरामावर सोपवावे, याचा निर्णय बहुधा तालमीतच होईल.